हद्द कोणी ओलांडली?

२०१८ च्या जानेवारीत सायप्रसमध्ये एका वर्तमानपत्राच्या कचेरीवर जमाव चालून गेला, तो एका शब्दापायी.

बेटाच्या उत्तर भागात, तुर्क ज्याला लेफ्कोशा म्हणतात आणि आपण निकोसिया, त्या शहरात ‘आफ्रिका’ नावाचे एक छोटे तुर्की दैनिक निघायचे. २० जानेवारीला तुर्कस्तानने सीरियातल्या आफ्रीन भागात लष्करी कारवाई सुरू केली. दुसऱ्या दिवशी ‘आफ्रिका’ने मथळा दिला : तुर्कस्तानची आणखी एक ‘इश्गाल’ मोहीम. इश्गाल म्हणजे दुसऱ्याच्या भूमीचा ताबा घेणे. सगळा दारूगोळा त्या ‘आणखी एक’मध्ये भरलेला होता, कारण पहिली कोणती हे बेटावर कुणाला सांगावे लागत नाही. १९७४ मध्ये तुर्की सैन्य इथे उतरले, ती पहिली. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी बुर्सा शहरातल्या सभेत या मथळ्याचा समाचार घेतला आणि उत्तर सायप्रसमधल्या आपल्या बांधवांनी त्याला योग्य ते उत्तर द्यावे असे सांगितले. २२ तारखेला शेकडो लोक कचेरीसमोर जमले. दगड आले, खिडक्या फुटल्या, काहीजण भिंतीवरून वर चढले. दैनिकाचे संपादक होते शेनेर लेवेंत.

त्या मथळ्यात शिवी नव्हती, कुणाच्या देवाधर्माचा उल्लेख नव्हता. होता तो रोजच्या वापरातला शब्द. तुर्कस्तानातले प्रत्येक शाळकरी मूल तो शिकते. १५ मे १९१९ ला ग्रीक सैन्य इझमीरच्या धक्क्यावर उतरले, तो इझमीरचा इश्गाल. पहिल्या महायुद्धात हार झाल्यावर दोस्तांच्या फौजांनी इस्तंबूल ताब्यात घेतले, तो इस्तंबूलचा इश्गाल. शब्द ओळखीचा, अर्थ ठाऊक. फक्त तो दुसऱ्याच्या सैन्यासाठी राखून ठेवलेला. लेवेंत यांनी तो आपल्या बाजूच्या सैन्याला लावला.

असे राखीव शब्द कोणत्याच भाषेला परवडत नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि ते तुर्कीत आहेत तसे मराठीतही आहेत.

मी इंग्रजीतून मराठीत बातम्या आणि लेख उतरवण्याचे काम करते. काही वर्षांपासून तुर्की शिकते आहे. माझ्या वहीत इंग्रजीतल्या ‘इन्व्हेड’ या एका क्रियापदाखाली तुर्की शब्दांनी पाऊण पान भरले आहे. मूळ लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ ‘आत चालत जाणे’ एवढाच. कोण गेले, कशासाठी गेले, गेल्यावर काय केले, यातले काहीच ते सांगत नाही. तुर्की शब्द मात्र यातले काही ना काही सांगितल्याशिवाय राहत नाहीत. ‘इस्तिला’ म्हणजे सगळीकडे पसरून सगळे गिळणे : मंगोलांची इस्तिला, टोळधाडीची इस्तिला, घरात उंदरांची इस्तिला. ‘इश्गाल’ म्हणजे येऊन बसणे, जागा अडवणे. ‘आकिन’ हा अस्सल तुर्की शब्द, वाहणे या धातूपासूनचा. पूर्वी घोडेस्वारांच्या धाडीला म्हणत, आता सुट्टीत किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी लोटली तरी म्हणतात. ‘चिकार्मा’ म्हणजे समुद्रातून सैन्य उतरवणे, जसे नॉर्मंडीत उतरवले. ‘तेजावुझ’ म्हणजे मर्यादा ओलांडणे. एका राज्याने दुसऱ्यावर केलेल्या आगळिकीला एके काळी हाच शब्द होता. दोन देशांच्या अनाक्रमण कराराच्या जुन्या तुर्की नावातही तो होता. आज तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात बलात्कार एवढाच अर्थ येतो, म्हणून राज्याच्या आगळिकीला ‘सालदिरी’ हा निराळा शब्द वापरतात. शब्दाने आपला खरा अर्थ इतक्या उघडपणे सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पानाच्या तळाशी तीन शब्द आहेत, जे तुर्क आपल्या स्वतःच्या सैन्यासाठी वापरतात : सेफेर, फेतिह, हारेकात.

हे तीन मला पाठ करावे लागले नाहीत. सेफेर म्हणजे आपली सफर. उस्मानी सुलतान हंगेरीवर चालून जायचा, ती सेफेर. आणि आज इस्तंबूलच्या बसस्थानकावर गाडीच्या फेरीलाही सेफेरच म्हणतात. फेतिह म्हणजे आपली फत्ते. मूळ अरबीत त्याचा अर्थ उघडणे. तुर्की शालेय इतिहासात एक वाक्य ठरून गेलेले आहे : १०७१ च्या मलाझगिर्तच्या लढाईने अनातोलियाचे दरवाजे तुर्कांना उघडले. दार उघडले, म्हणजे आत जाणे ओघानेच आले. १४५३ मध्ये इस्तंबूल पडले त्याला तुर्क फेतिह म्हणतात आणि दर २९ मे रोजी तो साजरा करतात. ग्रीक त्याच दिवसाला पाडाव म्हणतात. आणि हारेकात म्हणजे लष्करी हालचाल, कारवाई. हलणे-चालणे या अर्थाच्या ज्या अरबी शब्दाचे ते अनेकवचन, तोच आपल्याकडे ‘हरकत’ होऊन आला, आणि आपण त्याचा अर्थ आडकाठी, आक्षेप असा केला. तुर्कीत सैन्याची हारेकात होते, मराठीत माणूस हरकत घेतो. एकाच शब्दाने दोन टोके गाठली.

इश्गालसुद्धा परका नाही. आपल्या ‘मशगूल’ची आणि त्याची धातू एकच. तुर्कीत फोन लागला नाही की पलीकडून सांगतात, मेशगुल, म्हणजे लाइन गुंतलेली आहे. इस्तिलाच्या पोटात आपला ‘वाली’ बसलेला आहे, ‘त्याला कुणी वाली नाही’ या वाक्यातला, कारण ताब्यात घेणे आणि सांभाळणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच अरबी धातूतून निघतात. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून एका वाटेने उस्मानी दरबारात गेले आणि दुसऱ्या वाटेने दख्खनच्या दप्तरांत आले. दोन्हीकडे पुढे त्यांची झाडाझडतीही झाली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. अतातुर्कने १९३२ मध्ये तुर्क भाषा संस्था काढली आणि अरबी-फारसी शब्दांना तुर्की पर्याय घडवायला लावले. शब्द बदलले. आपला एक आणि त्यांचा एक, ही वाटणी मात्र कुठल्याही कोशाने बदलली नाही.

इश्गाल या शब्दाबद्दल अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला तो खरा कळला तो इतिहासात नव्हे, बाजारात. तुर्की शहरांत रस्त्यावर दुकान मांडणाऱ्याला, पदपथावर टेबल-खुर्च्या टाकणाऱ्याला नगरपालिका एक शुल्क लावते. त्याचे नाव ‘इश्गालिये’. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी पावती फाडायला माणूस फिरतो, तसेच. आणि विनापरवाना पदपथ अडवला तर तो ‘पदपथाचा इश्गाल’. आपण त्याला अतिक्रमण म्हणतो आणि नगरपालिकेची गाडी येऊन हातगाडी उचलून नेते. इश्गाल हा शब्द इतका साधा, इतका मोजता येण्याजोगा आहे. जागा कुणाची, बसले कोण, किती फूट. भाजीवाल्याच्या चार फुटांना जो शब्द बिनदिक्कत लागतो, तो एका बेटाच्या तिसऱ्या हिश्शाला लावला की दगड पडतात.

आता त्या बेटाची गोष्ट नीट सांगते. ती अर्धी सांगितली तर कुणावर तरी अन्याय होतो.

१९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी एक हमीचा करार केला. कराराने घालून दिलेली व्यवस्था मोडली, तर केवळ ती पूर्ववत करण्याच्या हेतूने कारवाई करण्याचा हक्क त्याच्या चौथ्या कलमाने तिघांनाही दिला. १९६३ च्या डिसेंबरात ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत हिंसा भडकली. तुर्की सायप्रियट अल्पसंख्य होते. हजारो कुटुंबे गावे सोडून कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत राहू लागली, ती पुढची कितीतरी वर्षे. १५ जुलै १९७४ ला अथेन्समधल्या लष्करशहांनी सायप्रसमध्ये उठाव घडवून राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांना हटवले आणि निकोस सॅम्पसनला गादीवर बसवले. १९ जुलैला मकारिओस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीसमोर उभे राहिले आणि म्हणाले की ग्रीक लष्करशहांचा हा उठाव म्हणजे एक आक्रमण आहे आणि त्याचे भोग सायप्रसच्या ग्रीकांच्या आणि तुर्कांच्या, दोघांच्याही वाट्याला येतील. ग्रीक धर्मगुरूने ग्रीसला उद्देशून तो शब्द वापरला. जो शब्द आपण इतरांसाठी राखतो, तो आपल्यांना लावण्याचे धैर्य त्या माणसाने त्या दिवशी दाखवले.

दुसऱ्या दिवशी, २० जुलैच्या पहाटे, तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर गिर्नेजवळ उतरले. पंतप्रधान ब्युलेंत एजेवित हे कवी होते, तरुणपणी त्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांच्या कविता तुर्कीत आणल्या होत्या. शब्दाचे वजन त्यांना कळत होते. त्यांनी राष्ट्राला सांगितले की आपण बेटावर युद्धासाठी नव्हे, शांततेसाठी जात आहोत, आणि केवळ तुर्कांसाठी नव्हे तर ग्रीकांसाठीही. तुर्कीत या साऱ्याचे नाव पडले ‘बारिश हारेकाती’, शांतता कारवाई. ग्रीक सायप्रियट त्याला आक्रमण म्हणतात. आजही २० जुलैला बेटाच्या दक्षिणेत पहाटे भोंगे वाजतात आणि उत्तरेत शांतता आणि स्वातंत्र्याचा सण असतो.

मला थांबायचे आहे ते पुढच्या महिन्यावर. २२ जुलैला शस्त्रसंधी झाली. २३ जुलैला सॅम्पसन गेला, अथेन्समधले लष्करशहाही कोसळले. ज्या कारणासाठी कारवाईचा हक्क होता ते कारण तीन-चार दिवसांत नाहीसे झाले होते. जिनिव्हात वाटाघाटी चालू होत्या. त्या फिसकटत आहेत असे दिसल्यावर तिथे गेलेले परराष्ट्रमंत्री तुरान ग्युनेश यांनी फोनवरून अंकाराला एक ठरलेले वाक्य कळवले : आयशेला सुट्टीवर जाऊ द्या. आयशे हे त्यांच्या मुलीचे नाव. त्या वाक्याने १४ ऑगस्टला दुसरी कारवाई सुरू झाली, आणि दोनच दिवसांत बेटाचा सुमारे ३७ टक्के भाग तुर्की सैन्याखाली आला. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रियट घरदार सोडून दक्षिणेकडे पळाले. त्याच १४ ऑगस्टला मुराताआ, सांदाल्लार आणि आतलिलार या तीन गावांत ग्रीक सायप्रियट बंदूकधाऱ्यांनी तुर्की सायप्रियटांना वेचून मारले. १२६ माणसे, त्यात बायका-मुलेच अधिक. १९६३ पासून १९७४ पर्यंतच्या बेपत्ता माणसांची दोन्ही बाजूंनी मिळून मान्य केलेली यादी २,००२ जणांची आहे : १,५१० ग्रीक सायप्रियट, ४९२ तुर्की सायप्रियट. जमीन खणून त्यांची हाडे शोधण्याचे काम दोन्हीकडचे लोक एकत्र करत आले आहेत.

‘शांतता कारवाई’ या नावाने काय केले, तर जुलै आणि ऑगस्ट एका गाठोड्यात बांधले. जुलैबद्दल तुर्कस्तानकडे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. करार होता, उठाव झाला होता, मागच्या अकरा वर्षांची भीती खरी होती. मी त्या जागी असते तर जुलैच्या बाजूने बोलले असते. पण ऑगस्टचे काय, हा प्रश्न तुर्की मुलाला सुचूच शकत नाही, कारण त्याच्याकडे ऑगस्टसाठी वेगळा शब्द नाही. आणि दक्षिणेतल्या मुलाला १९६३ सुचत नाही, कारण त्याचा इतिहास ‘आक्रमण’ या शब्दापाशी सुरू होतो. मोठे नाव छोट्या तारखांना गिळून टाकते.

पुढच्या नावांचीही हीच तऱ्हा. २०१६ ची सीरियातली मोहीम ‘युफ्रेटिसची ढाल’, २०१८ ची ‘ऑलिव्हची फांदी’, ऑक्टोबर २०१९ ची ‘शांततेचा झरा’. २०१९ ची मोहीम सुरू होऊन एकच दिवस झाला असताना एर्दोआन यांनी युरोपीय संघाला बजावले : आमच्या कारवाईला इश्गाल म्हणाल तर आमचे काम सोपे आहे, दरवाजे उघडू आणि ३६ लाख निर्वासित तुमच्याकडे पाठवू. एका शब्दाच्या वापरासाठी ३६ लाख माणसे पणाला लावली गेली. शब्दांना काय अर्थ असतो, असे म्हणणाऱ्यांपुढे मी हे वाक्य ठेवते.

त्या आठवड्यात माझ्या हातूनही चूक झाली. एका वृत्तसंस्थेची बातमी मराठीत करताना मी ‘तुर्कस्तानच्या शांतिझरा मोहिमेत’ असे लिहून गेले, अवतरणचिन्हाशिवाय. बातमी छापून आली. दोन दिवसांनी एका वाचकाने विचारले, या झऱ्यात कोण न्हाले? मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. सरकारने ठेवलेले नाव मी जसेच्या तसे वाक्याचा कर्ता करून टाकले होते आणि त्या वाक्यात सैन्य, सीमा, सीरिया यातले काहीच उरले नव्हते.

नेमका शब्द वापरण्याने किती फरक पडतो हे पाहायचे तर त्याच तुर्कस्तानातले एक चांगले उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा तुर्की परराष्ट्र खात्याच्या पहिल्या निवेदनात ‘लष्करी कारवाई’ असे शब्द होते. ती अमान्य आहे असे म्हटले होते, पण शब्द कारवाई हाच. तीन दिवसांनी परराष्ट्रमंत्री मेव्ल्युत चावुशओलू यांनी जाहीर केले की हे युद्ध आहे. १९३६ च्या माँट्रो करारानुसार युद्ध चालू असताना लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना, आपल्या तळाकडे परतणाऱ्या सोडल्या तर, बॉस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्यांतून जाता येत नाही. कारवाई म्हटले असते तर दार उघडे राहिले असते. युद्ध म्हटले आणि ते बंद झाले.

या शब्दांची दुसरी, अधिक वाईट बाजू अशी की सैन्याला जो शब्द नाकारला जातो तो बिनहत्यारी माणसांना सर्रास चिकटवला जातो. मे २०२२ मध्ये तुर्कस्तानात ‘सेस्सिझ इस्तिला’, मूक आक्रमण, या नावाचा एक लघुपट पसरला. विषय होता सीरियन निर्वासित. झफर पक्षाचे नेते उमित ओझदा यांनी तो आपणच करवून घेतल्याचे सांगितले. रणगाडे सीमेपलीकडे जातात तेव्हा तो झरा, आणि त्याच सीमेवरून गाठोडी घेऊन माणसे इकडे येतात तेव्हा ती इस्तिला, टोळधाडीची आणि उंदरांची. मराठीत आपण ‘लोंढे’ म्हणतो. मुंबईत उतरणाऱ्या परप्रांतीयांचे लोंढे. तुर्की ‘आकिन’ आणि मराठी ‘लोंढा’ दोन्ही पाण्याचे शब्द आहेत. पाण्याला चेहरा नसतो, त्याला बांध घालायचा असतो. शहरावर किती ताण पडतो, नोकऱ्या कुणाला मिळाव्यात, यावर कडक बोलायला माझी ना नाही. पण स्टेशनवर उतरलेल्या माणसाला पूर किंवा टोळ म्हणणारी भाषा मी लिहिणार नाही.

स्वतःचा इतिहास लिहिताना हे फक्त तुर्कच करतात असे मात्र कुणी समजू नये. १९१९ मध्ये इझमीरला उतरलेल्या ग्रीक सैन्याच्या त्या सगळ्या प्रकरणाला ग्रीक इतिहासात ‘आशिया मायनरची मोहीम’ म्हणतात. चौथ्या-पाचव्या शतकांत रोमन साम्राज्यात शिरलेल्या टोळ्यांना फ्रेंच आणि इटालियन लोक रानटी आक्रमणे म्हणतात, जर्मन त्यालाच ‘लोकांचे स्थलांतर’ म्हणतात. तुर्कीने जर्मनांचा शब्द उचलला, कारण त्या लाटेच्या मागे होते हूण, आणि हूणांना तुर्क आपले पूर्वज मानतात.

आणि आपण? १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना सुरक्षा समितीपुढे एक ठराव आला. भारताने बळाचा वापर केल्याबद्दल खेद, तातडीने लढाई थांबवावी, सैन्य मागे घ्यावे, असा त्याचा आशय. मांडणारे चार देश : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. सात विरुद्ध चार मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. तेरा वर्षांनी सायप्रसमध्ये उतरणारा तुर्कस्तान त्या दिवशी सीमा ओलांडण्याच्या विरोधात उभा होता. पोर्तुगीज आजही त्या घटनेला आक्रमण म्हणतात. आपण गोवामुक्ती म्हणतो, आणि मी म्हणते, अगदी मनापासून म्हणते, कारण साडेचारशे वर्षे परकी राजवट होती, ती हटवण्यासाठी सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले होते. १९५५ च्या सत्याग्रहात तर महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी लोक होते. पण मुक्ती हा निवाडा आहे. घडलेली गोष्ट अशी की भारतीय सैन्याने चढाई केली आणि तीन दिवसांच्या आत, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज शरण आले. हे वाक्य मराठी मुलाला आधी सांगावे आणि मग, ती चढाई योग्य का होती हे सांगावे. त्याने आपली बाजू दुबळी होत नाही, उलट तिला पाय फुटतात.

हैदराबादबद्दल हे अधिकच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. रणगाडे गेले, विमाने गेली, आणि नाव दिले पोलीस कारवाई. मराठवाड्यातली जुनी माणसे अजून नुसते ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात आणि त्यापुढे थोडा वेळ गप्प बसतात. रझाकारांनी गावोगाव जे केले ते भोगलेली ती पिढी, तिला निजामाची राजवट गेल्याचा आनंद होणे साहजिकच होते. पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत गावोगावच्या मुसलमानांचीही कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला. पोलीस कारवाई म्हटले की कायदा-सुव्यवस्था पुन्हा बसली एवढेच डोळ्यांसमोर येते. आयशे सुट्टीवर गेली, हे वाक्य आणि हे नाव एकाच जातीचे आहे.

आणखी मागे जायचे तर मराठीत ‘आक्रमण’ अब्दालीचे असते, मोगलांचे असते. आपली असते ती स्वारी, मुलुखगिरी, मोहीम. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. भास्करराम कोल्हटकरांना अलिवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने मारले, हे आपल्या इतिहासात ठळक आहे. बंगाली घरांतून मात्र बाळाला निजवताना आई सांगते की बर्गी आले देशात, आणि आता खंडणी कुठून द्यायची. बर्गी म्हणजे आपले बारगीर. मला हे एका बंगाली मैत्रिणीने चाल लावून म्हणून दाखवले, सहज, मी कुठली आहे याचा विचारही न करता, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आले. मुलुखगिरी हा शब्द तेव्हापासून मला पूर्वीसारखा लिहिता येत नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. सगळ्यांना एकच क्रियापद लावले तर हिटलरचे पोलंडमध्ये शिरणे आणि भारताचे गोव्यात शिरणे एका रांगेत बसेल, न्याय-अन्याय पुसला जाईल. मला उलट दिसते. न्याय-अन्याय पुसला जातो तो निवाडा नावातच कोंबल्यामुळे. झरा, फांदी, ढाल, शांतता, पोलीस, मुक्ती, फत्ते ही सगळी नावे वादाचे उत्तर आधीच देऊन टाकतात, मग वाद कशाचा करायचा? साध्या क्रियापदाने वाद संपत नाही, तो तिथून सुरू होतो. सैन्य कुणाचे, हद्द कुणाची, आत कधी गेले, बाहेर कधी आले. एवढे लिहून झाले की मग करार काढा, उठाव काढा, १९६३ काढा, रझाकार काढा. वाचक ते वाचेल, कारण त्याच्यापासून काही लपवलेले नाही हे त्याला दिसत असेल.

आमच्या धंद्यातल्या माणसांना माझे एवढेच सांगणे आहे. सरकारने मोहिमेला ठेवलेले नाव अवतरणात घाला आणि तेही पहिल्या वाक्यात नको. पहिल्या वाक्यात सैन्य हद्द ओलांडून शिरले असे लिहा, ते सैन्य कुणाचेही असो. आणि ज्यांच्या हातात बंदूक नाही त्यांच्यासाठी धाड, लोंढा, आक्रमण यातले काही लिहू नका. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी निदान समासात तरी सांगावे की पलीकडचे लोक या दिवसाला काय म्हणतात. मूल गोंधळेल अशी भीती वाटते, ती मला पटत नाही. एकाच माणसाला आपण मामा म्हणतो आणि दुसरा कुणी काका म्हणतो, हे मुलाला चौथ्या वर्षी कळते.

२०१८ मध्ये जमाव जमला तेव्हा उत्तर सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते मुस्तफा आकिंजी. आडनावाचा अर्थ धाडस्वार, ‘आकिन’ करणारा. तुर्की सैन्याच्या आधाराने उभ्या असलेल्या, तुर्कस्तानखेरीज कुणीही मान्यता न दिलेल्या राज्याचे ते प्रमुख. ऑक्टोबर २०१९ मध्ये सीरियातली मोहीम सुरू झाल्यावर त्यांनी लिहिले की १९७४ ला आपण शांतता कारवाई म्हणत असलो तरी ते युद्ध होते आणि वाहिले ते रक्त होते; आताही आपण झरा म्हणत असलो तरी वाहते आहे ते पाणी नव्हे, रक्त आहे. एर्दोआन यांचे उत्तर आले. त्यात त्यांनी जो शब्द वापरला तो मराठी माणसाला कोशाशिवाय कळतो. आकिंजी यांनी हद्द ओलांडली, असे ते म्हणाले.